निवळ आणि गढूळ : सागराच्या घडणीत सूर्यप्रकाशाचा व तळगाळाचा वाटा

१. विषयप्रवेश

सागराचे वर्णन करताना आपण बहुधा त्याच्या पाण्याचेच वर्णन करतो. पाणी खारट आहे, अथांग आहे, त्याला भरती-ओहोटी आहे, एवढे सांगितले म्हणजे सागराविषयी सांगण्यासारखे बहुतेक सांगून झाले, असा सामान्य समज दिसतो. वस्तुतः पाणी हे सागराचे केवळ माध्यम होय. त्या माध्यमात जीवसृष्टी कोठे उद्भवेल, किती खोलवर टिकेल आणि अखेरीस तिचे अवशेष कोठे साठतील, ह्याचा निर्णय प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक वरून आत शिरते, ती म्हणजे सूर्यप्रकाश. दुसरी भूमीवरून येऊन तळाशी जाते, ती म्हणजे गाळ. ह्या दोहोंची परस्परांशी गाठ कशी पडते आणि त्या गाठीतून आपल्या पश्चिम किनाऱ्याचा समुद्र कसा घडला आहे, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विषय भौतिक शास्त्राचा असला तरी त्याकडे भाषेच्या अंगानेही पाहता येते. मराठीत ‘निवळणे’ असे एक क्रियापद आहे. पाणी निवळते तेव्हा दोन क्रिया एकाच वेळी घडतात. पाण्यातील गाळ खाली बसतो आणि पाण्यातून आरपार दिसू लागते. पहिली क्रिया वजनाची आहे, दुसरी प्रकाशाची. शास्त्रीय परिभाषेत ह्यांना ‘अवसादन’ आणि ‘पारदर्शकता’ अशी दोन स्वतंत्र नावे द्यावी लागतात व त्यांतील संबंध समीकरणाने दाखवावा लागतो. बोलीने मात्र तो संबंध एका धातूत बांधून ठेवला आहे. ‘नितळ’ हा शब्द पाण्याची केवळ अवस्था सांगतो; ‘निवळ’ हा शब्द त्या अवस्थेमागील इतिहास सांगतो. जे पाणी आज निवळ आहे ते कधीतरी गढूळ होते आणि त्याचा ‘साका’ कोठेतरी खाली बसलेला आहे, ही सूचना त्या शब्दात गृहीतच आहे. पुढील विवेचन म्हणजे एका अर्थी ह्या एका क्रियापदाचे भाष्य होय.

२. प्रकाशाचा पाण्यातील प्रवास

सूर्यापासून समुद्रपृष्ठावर येणाऱ्या ऊर्जेपैकी सुमारे अर्धी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांची असते. ही ऊर्जा पाण्याच्या अगदी वरच्या थरातच शोषली जाते आणि तिची उष्णता होते. दृश्य प्रकाशाची गोष्ट निराळी आहे. त्यातील तांबडा भाग पहिल्या दहा मीटरांत बहुतेक नाहीसा होतो. नारिंगी आणि पिवळा त्याच्या मागोमाग जातात. हिरवा अधिक खोल उतरतो. आणि निळा सर्वांत खोल पोचतो. म्हणूनच खोल पाण्यात बुडी मारणाऱ्याला स्वतःच्या जखमेतील रक्तही काळसर दिसते. ते उजळवणारा तांबडा प्रकाश तेथे उरलेलाच नसतो.

समुद्र निळा का, ह्या प्रश्नाचे उत्तर बराच काळ ‘आकाशाचे प्रतिबिंब’ असे दिले जात असे. हे उत्तर अपुरे आहे हे दाखविण्याचे श्रेय चंद्रशेखर व्यंकट रामन ह्यांना आहे. १९२१ मध्ये इंग्लंडहून ‘नारकुंडा’ बोटीने परतताना त्यांनी निकोलच्या लोलकातून समुद्राचे निरीक्षण केले. त्या लोलकाने पृष्ठावरून परावर्तित झालेला आकाशाचा प्रकाश अडविला तरी समुद्राचा निळेपणा कायम राहतो, असे त्यांना दिसले. पाण्याचे रेणूच प्रकाशाचे विकिरण करतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि बोट मुंबई बंदरात पोचताच त्या अर्थाचे पत्र ‘नेचर’ नियतकालिकाकडे धाडले. ज्या संशोधनमालेतून पुढे १९३० चे नोबेल पारितोषिक आले तिचा एक प्रारंभबिंदू अशा रीतीने समुद्राच्या पाण्यात आहे.

परंतु ज्या मुंबई बंदरात ती बोट लागली तेथील पाणी निळे नाही. ते मातकट आहे. ह्या विरोधातच आपल्या विषयाचे मर्म आहे. खुल्या समुद्राच्या स्वच्छ पाण्यात पृष्ठावरील प्रकाशाचा शंभरावा भाग शंभर मीटर आणि त्याहूनही खोल पोचू शकतो. वनस्पतींना प्रकाशसंश्लेषण करण्यास हा शंभरावा भाग साधारणतः शेवटची मर्यादा समजली जाते. अतिशय निर्मळ पाण्यात ही सीमा दोनशे मीटरांच्या जवळ जाते. हजार मीटरांखाली सूर्याचा प्रकाश जवळपास नसतोच. उलट, गाळाने भरलेल्या खाडीत हीच मर्यादा दोन-चार मीटरांवर, कित्येकदा त्याहूनही वर येते. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की ह्या इटालियन धर्मोपदेशक-खगोलज्ञाने भूमध्य समुद्रात एक पांढरी तबकडी दोरीने सोडून ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते मोजले. त्याची ती साधी तबकडी आजही जगभर वापरात आहे. ‘पाणी किती निवळ?’ ह्या प्रश्नाचे अंकांत उत्तर देणारे एवढे स्वस्त साधन दुसरे नाही.

प्रकाश केवळ अन्न निर्माण करतो असे नाही. तो पाण्याचे थरही पाडतो. वरचा थर तापून हलका होतो, खालचा थंड व जड राहतो आणि दोहोंची मिसळण थांबते. येथे एक सूक्ष्म परस्परसंबंध ध्यानात घेण्याजोगा आहे. पाण्यात वनस्पतिप्लवक, म्हणजे तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती, दाट असल्या तर त्या प्रकाश वरच्यावर अडवितात. त्यामुळे उष्णता वरच्या थरातच कोंडली जाते आणि पृष्ठभाग अधिक तापतो. शुभा सत्येंद्रनाथ व त्यांचे सहकारी ह्यांनी १९९१ मध्ये अरबी समुद्राच्या बाबतीत हा परिणाम दाखवून दिला. प्रकाशावर जगणारे जीव प्रकाशाची वाटणीही बदलतात, असा त्याचा अर्थ आहे.

३. गाळाचा प्रवास

आता दुसऱ्या घटकाकडे वळू. ‘गाळ’ हा शब्द सैल आहे. रेव, वाळू, पोयटा आणि चिकणमाती हे सारे त्यात येते. आणि समुद्राच्या दृष्टीने ह्यांतील भेद अत्यंत महत्त्वाचा आहे. पाण्यात कण किती वेगाने बसतो हे जॉर्ज गेब्रियल स्टोक्स ह्यांनी १८५१ मध्ये मांडलेल्या नियमावरून काढता येते. त्या नियमानुसार हा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. व्यास दहापट लहान झाला तर वेग शंभरपट कमी होतो. एकदशांश मिलिमीटर व्यासाचा वाळूचा कण पन्नास मीटर पाण्यातून सुमारे दीड-दोन तासांत तळ गाठतो. एकसहस्रांश मिलिमीटर व्यासाचा चिकणमातीचा सुटा कण तेवढेच अंतर उतरण्यास सुमारे पावणेदोन वर्षे घेईल; आणि चार हजार मीटर खोल समुद्रात त्यास शंभराहून अधिक वर्षे लागतील. तेवढ्या अवधीत प्रवाह त्याला कोठल्या कोठे नेतील.

मग किनाऱ्याजवळ चिखल साठतोच कसा? त्याचे उत्तर खाऱ्या पाण्यात आहे. चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर लोटतात व सुटे राहतात. समुद्राच्या पाण्यातील क्षारांमुळे हे प्रतिसारण दबते, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके होतात आणि ते भराभर बसू लागतात. नदी जेथे खाडीला मिळते तेथेच चिखलाची भर का पडते, ह्याचे हे एक प्रमुख कारण आहे. रावेतच्या बंधाऱ्यावरून उचललेले पवना नदीचे पाणी निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रात जाते. अशा केंद्रात तुरटी किंवा तत्सम क्षार घालून जी क्रिया घडवून आणतात, ती तत्त्वतः हीच आहे. घरोघर पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरविण्याची जी रीत होती, तिच्यातही हेच रसायन आहे. समुद्र हे काम कोणी न सांगता, प्रत्येक खाडीच्या मुखाशी, अव्याहत करीत असतो.

महाराष्ट्राच्या गाळाची ओळख त्याच्या खनिजावरून पटते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या थरांतून दख्खनचे पठार बनले. त्याचा काळा बसाल्ट कुजून जी माती होते तिच्यात स्मेक्टाइट गटाच्या खनिजांचे प्राबल्य असते. ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी आपली काळी कपाशीची जमीन ती हीच. नर्मदा व तापी ह्या नद्या आणि कोकणातील लहान नद्या हेच खनिज अरबी समुद्रात नेतात. उत्तरेकडे सिंधूने आणलेल्या हिमालयाच्या गाळात इलाइट व क्लोराइट ही खनिजे अधिक. दक्षिणेकडे गोवा, कर्नाटक आणि केरळ ह्यांच्या किनाऱ्यावर प्राचीन पट्टिताश्म व जांभा ह्यांच्या विदारणातून आलेल्या केओलिनाइटचे प्रमाण वाढत जाते. म्हणजे तळाचा चिमूटभर चिखल तपासला तर तो कोणत्या मुलखातून आला हे सांगता येते. बोलणाऱ्याच्या चार वाक्यांवरून त्याचे गाव ओळखणाऱ्या बोलीभाषाशास्त्रज्ञाला ह्या पद्धतीत काही अपरिचित वाटणार नाही.

ह्या गाळाची मांडणीही नियमबद्ध आहे. शालेय भूगोलात ज्याला ‘समुद्रबूड जमीन’ असे अर्थपूर्ण नाव दिले आहे, तो उथळ भाग मुंबईच्या अक्षांशावर सुमारे तीनशे किलोमीटर रुंद आहे. कोचीकडे तो बराच अरुंद होतो. त्याच्या आतल्या पट्ट्यात, साधारणतः पन्नास-साठ मीटर खोलीपर्यंत, आजच्या नद्यांनी आणलेला मऊ चिखल आहे. त्याच्या बाहेर मात्र चिखल संपून चुनखडीयुक्त वाळू लागते. ही वाळू आजची नाही. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा अंदाजे १२० मीटर खाली होती. त्या वेळी, आणि नंतर पाणी चढत असताना, जे उथळ किनारे होते त्यांचे ते अवशेष आहेत. आजच्या गाळाचे पांघरूण तेथवर पोचलेले नाही. ‘समुद्रबूड’ हे विशेषण ह्या प्रदेशाला अक्षरशः लागू पडते.

४. दोहोंची गाठ : खाडी, मालवण आणि आंग्रिया

प्रकाश व गाळ ह्यांचा हिशेब एकत्र मांडला म्हणजे किनाऱ्यावरील अनेक भेदांचा उलगडा होतो. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतील अंतर दहा मीटरांच्या घरात जाते. त्या प्रचंड ओढीने तळाचा गाळ दररोज वर येतो, आणि पोषक द्रव्ये भरपूर असूनही प्रकाशाअभावी पाण्यातील वनस्पतींची वाढ खुंटते. कोकणातील खाड्यांत हेच लहान प्रमाणावर घडते. उधाणाच्या दिवसांत ओढ जोरदार असल्याने पाणी गढूळ होते. भांगाच्या दिवसांत ओढ मंदावते व ते काहीसे निवळते. म्हणजे तिथी बदलते तशी पाण्यातील उजेडाची खोलीही बदलते. तळाचा गाळ एकदा बसला म्हणजे त्याचे काम संपले, असे नाही. तो पुन्हा उठतो, पुन्हा बसतो, आणि प्रत्येक वेळी प्रकाशाची सीमा वरखाली करतो.

प्रवाळ हा ह्या दोन्ही घटकांच्या बाबतीत अत्यंत हळवा जीव आहे. त्याच्या ऊतींत राहणारी एकपेशीय शैवाले प्रकाशावर अन्न तयार करून त्याला पोसतात. म्हणून त्याला उजेड हवा. शिवाय अंगावर गाळ बसला तर तो गुदमरतो. कोकण किनाऱ्यावर पावसाळ्यात इतका गाळ येत असता तेथे प्रवाळ असणे हेच आश्चर्य होय. तथापि मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, आणि तो परिसर १९८७ मध्ये सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेथे टिकून राहिलेल्या जाती प्रामुख्याने गढूळपणा सोसणाऱ्या आहेत. वर्षातील काही महिने अंधुक प्रकाशात काढावयाचे आणि पाणी निवळले की वाढून घ्यावयाचे, असा त्यांचा क्रम आहे.

ह्याउलट उदाहरण खुल्या समुद्रात आहे. विजयदुर्गच्या पश्चिमेस शंभराहून अधिक किलोमीटरांवर, समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या कडेशी, एक बुडालेले पठार आहे. कान्होजी आंग्रे ह्यांच्या नावावरून ते ‘आंग्रिया बँक’ म्हणून ओळखले जाते. येथील ‘बँक’ म्हणजे पेढी नव्हे की नदीचा काठही नव्हे. दर्यावर्दी परिभाषेत समुद्रातील उथळ उंचवट्यास हे नाव आहे. ह्या पठाराचा माथा पाण्याखाली वीस मीटरांच्या आसपास आहे. मालवणच्या किनाऱ्याशी वीस मीटरांवर बहुतेक वेळ अंधार असतो; आंग्रियाच्या माथ्यावर मात्र त्याच खोलीवर प्रवाळांची दाट वस्ती आहे. कारण एवढेच, की नद्यांचा गाळ तेथवर पोचत नाही आणि प्रकाश पोचतो. खोली सारखी, अक्षांश जवळजवळ सारखे, पाणी एकाच समुद्राचे. भेद केवळ निवळपणाचा आहे. प्रयोगशाळेत दोन पात्रे मांडून जो प्रयोग करावा तो निसर्गाने येथे स्वतःच मांडून ठेवला आहे.

ह्या दोन टोकांच्या मध्ये कांदळवने उभी आहेत. त्यांच्या मुळांच्या जाळ्यात पाण्याचा वेग मंदावतो, गाळ अडकतो आणि खाजणे तयार होतात. जे पाणी पुढे समुद्रात जाते ते त्या मानाने निवळलेले असते. कांदळवन तोडले म्हणजे केवळ झाडे जातात असे नव्हे. खाडीबाहेरील पाण्यातील उजेडही कमी होतो. महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला, त्याचे महत्त्व ह्या दृष्टीनेही जाणून घेतले पाहिजे. तळ खरवडत जाणाऱ्या यांत्रिक जाळ्यांचा विचारही येथेच करावयास हवा. अशी जाळी मासे काढतात, त्याबरोबर वर्षानुवर्षे बसलेला गाळ पुन्हा पाण्यात मिसळतात. तळावरील जीवांचे घर मोडते आणि वरच्या जीवांचा प्रकाश अडतो, असा हा दुहेरी परिणाम आहे.

५. प्राणवायूचा प्रश्न

प्रकाशाने वरच्या थरात जे सेंद्रिय द्रव्य निर्माण होते, त्याचा बराचसा भाग तेथेच खाल्ला जातो. उरलेला खाली झरत राहतो. हाही एक प्रकारचा गाळच होय; फरक इतकाच की हा जमिनीवरून न येता प्रकाशातून जन्मलेला असतो. खाली जाताना जीवाणू त्याचे विघटन करतात आणि त्या विघटनात पाण्यातील प्राणवायू खर्ची पडतो. अरबी समुद्र उत्तरेस भूमीने बंद आहे. तेथे नवे, प्राणवायुयुक्त पाणी सावकाश पोचते. उलट उत्पादन मात्र जोरदार आहे : नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात सोमालिया व ओमानच्या किनाऱ्यांवर खोलवरचे पोषक पाणी वर येते, आणि हिवाळ्यात ईशान्येच्या थंड, कोरड्या वाऱ्यांनी उत्तरेकडील पृष्ठजल जड होऊन खालच्या पाण्याशी मिसळते. आवक अल्प आणि खर्च अधिक असल्यामुळे सुमारे १५० ते १००० मीटर खोलीच्या दरम्यान प्राणवायू जवळजवळ शून्यावर येतो. जगातील अशा प्रकारच्या तीव्रतम पट्ट्यांत ह्याची गणना होते. १९३३-३४ मध्ये सेमूर सेवेल ह्यांच्या नेतृत्वाखालील ‘मबाहिस’ ह्या इजिप्शियन जहाजाच्या मोहिमेने ह्या थराचे आणि अरबस्तानच्या किनाऱ्याजवळील निर्जीव तळचिखलाचे वर्णन केले होते.

हा थर खोल समुद्रातच राहिला असता तर त्याचा सामान्य माणसाशी संबंध थोडा होता. परंतु मोसमी पावसाच्या उत्तरार्धात आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही खालचे पाणी वर सरकते. वर पावसाच्या व नद्यांच्या हलक्या गोड्या पाण्याचे झाकण असल्याने त्याला हवा लागत नाही. तळचिखलातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन उरलासुरला प्राणवायूही ओढून घेते. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी २००० मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात ही स्थिती पश्चिम किनाऱ्याच्या उथळ समुद्रात तीव्र झाल्याचे आणि तेथून नायट्रस ऑक्साइड हा तापवर्धक वायू मोठ्या प्रमाणात बाहेर पडत असल्याचे दाखविले. शेतांतून व शहरांतून वाहून येणारा नत्र हे तीव्रता वाढण्याचे एक संभाव्य कारण म्हणून त्यांनी पुढे केले. तळाशी राहणाऱ्या मासळीस हा काळ कठीण असतो, हे वेगळे सांगावयास नको.

६. रावेतपासून समुद्रापर्यंत

रावेत येथून अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांच्या आत आहे. परंतु रावेतच्या बंधाऱ्यावरून पुढे जाणारे पवनेचे पाणी त्या समुद्रास मिळत नाही. ते चिंचवड-पिंपरीवरून दापोडीस मुळेला, मुळा-मुठेतून भीमेला, रायचूरजवळ कृष्णेला आणि आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. चाकणच्या दोन्ही अंगांनी वाहणाऱ्या इंद्रायणी व भीमा ह्यांचीही गती हीच. सह्याद्रीचा कडा पश्चिमेस उभा असल्याने मावळची काळी माती शेकडो कोस पूर्वेस जाते. कृष्णा-गोदावरीच्या मुखांपुढील चिखलात स्मेक्टाइट विपुल आढळते, ते ह्या मातीचेच वंशज होय.

नद्यांच्या गाळाचा बंगालच्या उपसागरावर जो परिणाम होतो तोही ह्या दृष्टीने उद्बोधक आहे. नद्यांच्या गोड्या पाण्यामुळे तेथे थर घट्ट बसतात, पोषक द्रव्ये वर येत नाहीत आणि उत्पादन अरबी समुद्रापेक्षा कमी राहते. शिवाय सेंद्रिय कणांना खनिज गाळाचे वजन मिळाल्याने ते लवकर तळाला जातात व वाटेत प्राणवायू कमी खातात, असे अनेक संशोधक मानतात. तेथील प्राणवायूहीन थर अरबी समुद्राइतका तीव्र नसण्याचे हे एक कारण असू शकते. गाळ हा सर्वत्र अपायकारकच असतो, असे समजणे चुकीचे ठरेल, हे ह्यावरून लक्षात येते.

मनुष्याने ह्या व्यवस्थेत दोन प्रकारे हात घातला आहे. पहिला प्रकार पाणी वळविण्याचा. मुळशी धरणाने मुळेचे पाणी भिरा येथील वीजगृहातून कोकणात कुंडलिकेत सोडले. वळवण तलावातील इंद्रायणीचे पाणी खोपोलीच्या १९१५ च्या वीजगृहातून पाताळगंगेत जाते. कोयनेचे पाणी वाशिष्ठीत उतरते. जे पाणी पूर्वेस जावयाचे ते पश्चिमेस जाऊ लागले, परंतु त्यातील गाळ बहुतांशी जलाशयात मागे राहिला. दुसरा प्रकार अडविण्याचा. पवना, उजनी, श्रीशैलम, नागार्जुनसागर अशा जलाशयांच्या मालिकेतून जाताना कृष्णा खोऱ्याचा गाळ वाटेतच बसतो. परिणामी कृष्णेचा समुद्रास पोचणारा गाळ फार घटला असून तिच्या त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावर धूप दिसू लागली आहे. गाळाबरोबर सिलिकाही अडते. कवच बांधण्यासाठी ज्यांना ती लागते त्या डायाटम वनस्पतींचा वाटा त्यामुळे कमी होऊन इतर प्रकारच्या प्लवकांना वाव मिळतो.

ह्या व्यवहाराची एक बाजू समुद्रापर्यंत न जाताही पाहता येते. जलाशयात गाळ बसला की पाणी निवळते आणि प्रकाश आत जातो. त्याच वेळी वरच्या अंगाच्या शहरांतून सांडपाण्याबरोबर नत्र व स्फुरद येतात. प्रकाश आणि पोषण ह्यांची अशी सांगड पडली म्हणजे शैवाल माजते. ते मेल्यावर तळाशी जाऊन कुजते आणि प्राणवायू संपविते. उजनीचे हिरवे पडणारे पाणी आणि पिंपरी-चिंचवड व पुणे परिसरातील नद्यांवर पसरणारी जलपर्णी ह्यांच्या मुळाशी हाच नियम आहे. अरबी समुद्रात जे शेकडो किलोमीटरांच्या पटावर घडते, त्याची लहान आवृत्ती आपल्या दारी वाहते आहे. गढूळ पाणी वाईट आणि निवळ पाणी चांगले, एवढ्या ढोबळ निकषावर नदीचे आरोग्य ठरविणे म्हणूनच धोक्याचे आहे. पाणी निवळले तर त्या निवळण्याने कोणाला उजेड मिळाला, हा पुढचा प्रश्न विचारावा लागतो.

७. तळाची साक्ष

‘तळागाळ’ हा शब्द आपण समाजाच्या अगदी खालच्या, उपेक्षित थरासाठी वापरतो. जे खाली बसले ते संपले, असा भाव त्यात आहे. सागराच्या तळापुरता तरी तो टिकत नाही. तळचिखलातून पोषक द्रव्ये पुन्हा वर येतात. आणि जे वर येत नाही ते नोंद म्हणून राहते. किनाऱ्याजवळ ही नोंद लवकर जाड होते. खोल समुद्रात प्लवकांच्या कवचांचा चुनकळीसारखा पंक हजार वर्षांत एक ते तीन सेंटिमीटर चढतो. अतिखोल तळावरील तांबड्या मातीस एक मिलिमीटर चढावयास हजार वर्षे लागतात. अरबी समुद्राच्या खंडान्त उतारावर जेथे प्राणवायूहीन पाणी तळाला टेकते तेथे चिखल उकरणारे जीव नसतात. त्यामुळे थर न विसकटता एकावर एक शाबूत राहतात, आणि काही ठिकाणी वर्षावर्षाचा थर वेगळा ओळखता येतो. ज्या प्राणवायूच्या अभावाने जीवन आक्रसले त्यानेच इतिहास जतन केला, असा हा योग आहे.

ह्या नोंदी वाचण्यासाठी १९८७ मध्ये ओमानच्या किनाऱ्याजवळ आणि २०१५ मध्ये महाराष्ट्राच्या पश्चिमेस असलेल्या लक्ष्मी खोऱ्यात आंतरराष्ट्रीय मोहिमांनी खोल छिद्रे घेतली. फोरामिनिफेरांची सूक्ष्म कवचे, मातीतील खनिजे आणि नत्राची समस्थानिके ह्यांवरून मोसमी वाऱ्यांचे बळ लक्षावधी वर्षांत कसे बदलले हे काढता येते. प्रकाशाने वर काय निर्माण केले, वाऱ्याने काय वर आणले आणि नद्यांनी काय आणून टाकले, ह्या तिन्हींचे टिपण तळ ठेवीत असतो.

वरून वाचण्याचेही साधन आज उपलब्ध आहे. १९९९ मध्ये सोडलेल्या ओशनसॅट-१ पासून २०२२ च्या ओशनसॅट-३ पर्यंतचे भारतीय उपग्रह समुद्राचा रंग मोजतात, आणि हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था त्यांच्या आधारे मच्छीमारांस मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचना देते. खुल्या समुद्रात रंग बदलला तर तो प्रायः वनस्पतिप्लवकामुळे, असे मानता येते. किनाऱ्याशी मात्र गाळाचा रंग त्यात मिसळतो आणि हरितद्रव्य किती व चिखल किती हे वेगळे करणे कठीण होते. म्हणजे उपग्रहालाही अखेरीस निवळ आणि गढूळ ह्यांचाच निवाडा करावा लागतो.

८. समारोप

वरील विवेचनाचा सारांश असा की, सूर्यप्रकाश हा सागराच्या उत्पन्नाचा स्रोत असून गाळ त्या उत्पन्नाची मर्यादा, वाहतूक आणि साठवण ठरवितो. गाळ अधिक झाला तर प्रकाश अडतो व प्रवाळ मरतो. गाळ नाहीसा झाला तर किनारा खचतो व पोषणाचा तोल जातो. प्रकाश व पोषण बेताबाहेर जुळून आले तर प्राणवायू संपतो. ह्यांपैकी कोणताही एक घटक सुटा घेऊन केलेले नियोजन दुसऱ्या टोकाला फसते. बंदरातील गाळ उपसणे, धरणाची उंची ठरविणे, सांडपाण्याची व्यवस्था लावणे, कांदळवन राखणे ही कामे आज निरनिराळ्या खात्यांकडे आहेत. समुद्राच्या हिशेबी ती सर्व एकाच खात्यावर मांडली जातात.

विद्यापीठीय अभ्यासकांपुढे ह्यातून एक काम उभे राहते. कोळी, गाबीत, भंडारी इत्यादी किनाऱ्यावरील समाजांच्या बोलींत पाण्याचा रंग, तळाचा पोत आणि भरतीच्या अवस्था ह्यांसाठी बारीक भेद दाखविणारे शब्द आहेत. हे शब्द दीर्घकाळच्या निरीक्षणातून आले आहेत. सेक्कीच्या तबकडीचे मोजमाप आणि त्याच जागी, त्याच दिवशी मच्छीमाराने पाण्यास दिलेले नाव ह्यांची एकत्र नोंद खाडीवार होत गेली, तर सागरविज्ञानास जुन्या आठवणींतील पाण्याचा अंदाज बांधता येईल आणि भाषाशास्त्रास शब्दार्थाच्या सीमा अंकांत तपासता येतील. त्यासाठी लागणारी साधने म्हणजे एक पांढरी तबकडी, एक मोजलेली दोरी आणि एक वही. ज्यांच्या तोंडी हे शब्द आहेत त्यांची पिढी हयात आहे तोवर हे काम हाती घेणे इष्ट होय.